गावोगावचे म्युलर

ती. आबा,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही विचारलंत ना की तिकडे जर्मनीत जो तो म्युलरच कसा, फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय, आई वाचून दाखवेल.

म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. इथलं सगळ्यात कॉमन आडनाव हेच, स्वित्झर्लंडमध्ये पण हेच. आमच्या बिल्डिंगच्या बेलवर फ्लॅट नंबर नसतात, नुसती आडनावं, त्यात दोन म्युलर, एकमेकांच्या नात्यातले नाहीत आणि पार्सलवाला हमखास भलतीच बेल दाबतो.

आता चक्की तर गावात एखादीच, मग एवढे म्युलर आले कुठून? तर एकच होती म्हणूनच! बाराव्या शतकापासून हळूहळू इकडे आडनावं पडायला लागली, गावात हान्स चौघे असले तरी चक्कीवाला हान्स म्हटलं की कोण ते लगेच कळायचं. आपल्याकडे पाटील गावाला एक पण गावं किती, तसंच हे. उत्तरेकडे त्याचंच म्योलर झालं, अमेरिकेत गेलेले बरेच जण मिलर झाले.

या चक्कीवाल्यांना मान मात्र नव्हता हो. जमीनदाराने ठरवून दिलेल्या चक्कीतच दळायची सक्ती, दळणाची मजुरी म्हणून चक्कीवाला धान्यातलंच माप काढून घ्यायचा, त्यामुळे हा माप मारतो असा लोकांचा कायमचा संशय. कितीतरी ठिकाणी त्यांच्या पोरांना कारागिरांच्या संघात घ्यायचे नाहीत, शेवटी 1548 आणि 1577 च्या शाही कायद्यांत लिहावं लागलं की असं करू नका. बापाच्या धंद्यापायी पोराची वाट अडवायची, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

इथे पेंटेकॉस्ट नावाच्या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी जुन्या चक्क्या लोकांना बघायला उघडतात, तेव्हा एक पाणचक्की बघून आले. खालचा दगड पक्का, वरचा फिरतो, अगदी आपलं जातंच, आणि दगड गुळगुळीत झाले की टाकी पण लावतात! वरच्या पेटीतलं धान्य संपत आलं की आपोआप घंटी वाजते, कारण दगड कोरडे फिरले तर ठिणग्या उडतात आणि पिठाची धूळ पेट घेते.

आणि आबा, तुमचे मॅक्सम्युलर पण याच आडनावाचे, 1823 साली देसाउ गावी जन्मलेले, ऋग्वेद छापताना त्यांनी संस्कृतात स्वतःचं नाव मोक्षमूलर केलं. 1898 मध्ये टिळक तुरुंगातून लवकर सुटावेत म्हणून जो अर्ज गेला त्यावर त्यांची सही होती, हे मी शेजारच्या म्युलर आजोबांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ टिळकांबद्दलच विचारत बसले.

आपल्या कुलकर्णी वतनाचे कागद माळ्यावरच्या पेटीत आहेत ना अजून? दादाला फोटो काढून पाठवायला सांगा, आपलं मूळ गाव कुठलं ते मला नीट बघायचंय. गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमची,
मनू