काका, तुमची लादीची रेघ कामी आली

काका, सा. न. वि. वि.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला आम्ही पोचलो नाही, हे तुम्हाला फोनवर सांगितलं. का पोचलो नाही ते धड सांगता आलं नाही, रडूच फुटत होतं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण बडोद्यातून दरवर्षी कुणी ना कुणी हिमालयात निघतं आणि त्यांच्या शेजारी तुमच्यासारखे काका असतीलच असं नाही.

सहा महिने दर रविवारी पहाटे तुम्ही आम्हा भावंडांना पावागडला नेलंत. माचीला रोपवेची रांग दिसली की धाकट्याचे पाय तिकडे वळायचे, आणि तुम्ही काही न बोलता पायऱ्या चढायला लागायचात. मी पुढे पळाले की मागून आवाज यायचा, "शांतीनं चाल, बेटा." बोलता बोलता चालता येईल तेवढाच वेग, हा तुमचा नियम. आणि वर पोचल्यावर आम्हाला जरा ऐट वाटायला लागली की म्हणायचात, "पावागड पाय देईल, उंची नाही देणार." खरंच होतं. गड आठशे मीटरच्या आसपास आणि बेस कॅम्प 5,364 मीटरवर. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच, पण हवेचा दाब निम्म्यावर येतो, म्हणून प्रत्येक श्वासात निम्माच हाती लागतो. हे तुम्ही एवढं घोकून घेतलं होतंत की वाटेत नामचेला आणि डिंगबोचेला उंचीची सवय व्हावी म्हणून एकेक दिवस जास्त थांबताना आम्ही कुरकुर केली नाही.

तरी लोबुचेला, सुमारे 4,900 मीटरवर, व्हायचं ते झालं. दुपारी धाकट्याने डाळभाताचं ताट तसंच सरकवलं. "डोकं जरासंच दुखतंय," म्हणाला. मग उलटी झाली. बरोबरचे म्हणाले, झोपू दे, सकाळी बघू.

मला तुमची ओसरी आठवली. तुम्ही आम्हाला दोन लाद्यांमधल्या रेघेवरून पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला टेकवत चालायला लावायचात. तेव्हा आम्हाला तो खेळ वाटायचा. तुम्ही मात्र दर वेळी बजावायचात: उंचीवर डोकं दुखतंय आणि अशी रेघ चालता येत नाही, म्हणजे मेंदूला सूज यायला लागली असं समजायचं, सकाळची वाट बघायची नाही, खाली उतरायचं.

लॉजमध्ये फळ्यांची जमीन होती. मी त्याला एका फळीवर उभं केलं. पहिलं पाऊल नीट पडलं. दुसरं फळीच्या बाहेर. तिसऱ्याला त्याने भिंत धरली आणि माझ्याकडे बघून हसला, जणू काही झालंच नाही. त्या हसण्यानेच माझ्या पोटात गोळा आला.

लॉजवाल्या दीदींनी घोडा मिळवून दिला. गाइडदादा एका हाताने त्याला धरून, दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन चालले. थुकलाच्या खिंडीत, एव्हरेस्टवर जीव गमावलेल्यांच्या स्मारकांपाशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मी एकदाही तिकडे मान वळवली नाही. फेरिचेला, म्हणजे सुमारे सहाशे मीटर खाली, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. वेळेवर उतरवलंत, एवढंच त्या म्हणाल्या. रात्रभर मी त्याच्या बोटाला लावलेल्या तुमच्या ऑक्सिमीटरकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडून त्याने सेव-उसळ मागितली, तेव्हा कुठे मी पोटभर रडले.

गाइडदादांचे, दीदींचे, डॉक्टरांचे आभार तिथेच मानले. तुमचे राहिले होते. काका, आई-बाबांना मी माझ्या भावाला घरी आणून दाखवू शकले, ते तुमच्यामुळे.

ऑक्सिमीटर त्याच्याकडेच आहे, मला हात लावू देत नाही. स्वतःच तुमच्या हातात द्यायचाय म्हणतो. रविवारी पाच वाजता खाली उभे राहतो, नेहमीच्या जागी.

तुमची,
समोरच्या वाड्यातली थोरली