सुकटीच्या डब्यासोबतचं पत्र

डोंबिवली,
रविवार, रात्री उशिरा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं "हं, हं" करत होते. तुला वाटलं असेल, आईला पटलं. पटलं नव्हतं. पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "आई, तू ऐक ना" म्हणतेस आणि मी ऐकत बसते, म्हणून हे लिहितेय. बाबा उद्या पार्सल करणार आहेत, त्यात हा कागद घालीन.

तर तुमच्या फ्लॅटमधली ती दिमापूरची मुलगी स्वयंपाक करते, घरभर "काहीतरी कुजल्यासारखा" वास सुटतो, आणि तुम्ही दोघी मिळून घरमालकाला सांगणार आहात. तिला आधी सांगितलंत का, विचारलं, तर तू म्हणालीस, "तिला काय सांगायचं, तिला कळायला नको?"

फोन ठेवल्यावर मी ती काय शिजवत असेल ते शोधून वाचलं. तू सांगितलंस त्यावरून ती अखुनी असणार. सुमी नागा लोकांची खासियत. सोयाबीन उकडतात, केळीच्या किंवा तसल्याच पानांत बांधतात आणि चुलीच्या उबेला काही दिवस आंबायला ठेवतात. मग ते कुस्करून डुकराच्या मटणात घालतात, नाहीतर मिरचीबरोबर वाटून चटणी करतात. 2007 साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. तिच्यात चक्क नाव घेऊन लिहिलं होतं की अखुनीसारखे वासाचे पदार्थ शेजारीपाजारी गडबड न होता करावेत. पोलिसांनी! म्हणजे ही पोरगी बंगळुरूला आली ती हे सगळं ऐकूनच आली असणार. तिला नक्की कळतं, मनू. तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आता माझं सांगते. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

माझ्या माहेरी, वाईला, सगळे माळकरी. अंडंसुद्धा घरात आलं नाही कधी. 1994 मध्ये लग्न होऊन मी या घरात आले, ते थेट मालवणी सासरी. मे महिना होता. तुझ्या आजीची आगोटीची खरेदी झाली होती, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून सुके बोंबील, गोलमो, खारे बांगडे असं सगळं गावाहून बांधून आलेलं. कपड्यांच्या कपाटाशेजारी पत्र्याचे दोन डबे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी आजींनी गॅसवर जाळी ठेवून खारा बांगडा भाजायला घेतला. उकड्या तांदळाची पेज झाली होती, पेजेबरोबर तो लागतोच त्यांना. मी दारात उभी होते. मला उमासाच आला. मी पदर नाकाला लावला आणि गॅलरीत गेले. बोलले काही नाही. पण आजींनी पाहिलं.

त्यानंतर घरात बांगडा भाजलेला मला दिसलाच नाही. मला वाटलं, वयोमानाने सोडला असेल. बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या होत्या, "कुठे उंदीर मेलाय का हो?" तेव्हा मी शरमले ती आजींमुळे शरमले, काकूंमुळे नाही. आजी गेल्यावर त्यांच्या मैत्रिणीने मला सांगितलं, की मी सकाळची 8.12 ची लोकल पकडली की त्या बांगडा भाजायच्या. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायच्या, खिडक्या उघड्या, नंतर उदबत्ती. मी संध्याकाळी येईपर्यंत वासाचा मागमूस नसायचा. स्वतःच्या घरात, वीस वर्षं, चोरून.

मला उदबत्तीचा वास यायचा. मला वाटायचं, पूजा उशिरा करतात.

तू म्हणशील, आजींचं वेगळं, ते आपलंच माणूस होतं. पण तू लॉकडाऊनमध्ये मला कोरियन मालिकांना लावलंस ते आठव. मी पहिल्या दिवशी काय म्हणाले होते? "सगळ्यांची तोंडं सारखीच, कोण कोणाचा नवरा तेच कळत नाही." तू किती चिडलीस! "आई, हे असलं बोलणं वाईट असतं," म्हणून मला सुनावलंस. बरोबर सुनावलंस. चौथ्या भागापर्यंत मला सासू कोणती, नणंद कोणती, आणि नणंद खोटं कधी बोलते तेही ओळखू यायला लागलं. तो किमचीचा भाग तर मी दोनदा पाहिला. सगळ्या बायका अंगणात उकिडव्या बसून कोबीच्या पानापानाला मसाला चोळतायत, एकीचं दुसरीला टोमणे मारणं चाललंय. अगदी आपल्या गच्चीवरच्या पापड-कुरडयाच. किमची घालण्याच्या त्या प्रथेला 2013 साली युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं, हे तूच मला सांगितलंस. किमची नीट टिकावी आणि तिचा वास बाकीच्या जिनसांना लागू नये म्हणून तिथे बहुतेक घरांत वेगळा फ्रीज असतो, हेही तूच.

आणि त्याच कोरियात चॉंगगुकजांग नावाचं आंबवलेलं सोयाबीन असतं. त्याची आमटी करतात. वासासाठी त्यांच्या देशातही बदनाम आहे. सोयाबीन, पाणी, ऊब, दोन-तीन दिवस. मनू, ही अखुनीची चुलत बहीण झाली की नाही? पडद्यावर एखाद्या देखण्या नटाने ते वाडग्यातून भुरकलं की तू मला दाखवतेस, "बघ आई, किती भारी." शेजारच्या शेगडीवर शिजलं की घरमालक. मला एवढंच खटकलं. बाकी तू माझ्यापेक्षा पुष्कळ मोकळ्या मनाची आहेस, मी जाणते.

बाबांनी हे वाचलं (वाचणारच, पार्सल तेच बांधतायत) तर म्हणतील, तू पोरीला प्रवचन देतेस. तर त्यांचीही एक सांगते. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. गणपती दूध पितो म्हणून अख्खा देश रांगेत उभा होता. आमच्या गल्लीत दूध मिळेना. आजींनी देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीला चमचा लावला, आणि दूध खरंच सर्रकन गेलं. बाबा कामावरून आले, दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि चमचा लावला. सोंडेवरून पोटावर, पोटावरून पाटावर, गुलाबी ओघळ. दिल्लीत शास्त्रज्ञांनीही रंग घालून हेच दाखवलं, ते नंतर पेपरात आलं. चमच्याच्या काठावरचा थेंब ओल्या मूर्तीला टेकला की मूर्ती तो ओढून घेते आणि दूध पातळ थराने खाली उतरतं. बाबांचं शंभर टक्के बरोबर होतं. आजी चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "माका काय दिसला नाय? खाली ताट कोणी धरल्यान?"

खरंच की. ताट त्यांनीच धरलं होतं, पाट खराब होऊ नये म्हणून. मग चमचा लावला कशाला? तर त्या दिवशी इमारतीतल्या सगळ्या बायका, त्या उंदीरवाल्या काकूसुद्धा, आमच्या घरी आल्या होत्या. कारण गणपती आमच्याकडे छान पीत होता. आजींना दूध कुठे जातं त्याचं काही नव्हतं. बाबांनी कुंकू कालवायच्या आधी एकदा विचारायला हवं होतं, एवढंच.

आता याचा अर्थ असा घेऊ नकोस की आई सगळ्यालाच मान डोलावते. गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलाला कावीळ झाली आणि सगळे त्याला काविळीची माळ घालायला निघाले, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि आधी रक्त तपासायला पाठवलं. तिथे मी कोणाचं ऐकून घेतलं नाही, घेणारही नाही. पण वासाने कोणाचं लिव्हर जात नाही, बाळा.

आणि तू अखुनी खायलाच हवी असंही नाही. मी आजपर्यंत बांगडा खाल्लेला नाही. सुकटीची चटणी मात्र खाते. आजी गेल्या त्या वर्षी पावसाळ्यात मीच करून पाहिली, तेव्हापासून. खोबरं जरा जास्त घालते, वाईकर हात. आजींनी नाक मुरडलं असतं.

घरमालकाला फोन करायच्या आधी तिच्याशी बोल. वास सहन होत नसेल तर तेही सांग, गोडीने पण स्पष्ट. खिडकी कधी उघडायची, तुझा ऑफिसचा कॉल कधी असतो, आठवड्यातून कोणता दिवस, हे ठरवता येतं. आमच्या घरात ते ठरवायला कोणी तोंडच उघडलं नाही. आणि मला तिला एक विचारून सांग: फ्लॅटमध्ये चूल नाही, तर ते दाणे उबेला ठेवते कुठे? फ्रीजवर? मी संध्याकाळपासून याच विचारात आहे.

पार्सलमध्ये वर बेसनाचे लाडू आहेत, ते तिघींनी खा. तळाला दोन पिशव्यांत गुंडाळलेला स्टीलचा डबा आहे, त्यात सुकटीची चटणी. डबा उघडताना ती घरात असू दे.

तुझी,
आई

ता. क. बारावा भाग माझा व्हायचाय. नणंदेचं काय होतं ते फोनवर बोलून टाकू नकोस.