किलोमीटर शेवटी, आधी पत्रा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी आपल्या छोट्या जाहिरातींत जुन्या गाड्यांची रांग लागते. ‘सिंगल ओनर, फक्त २८ हजार चाललेली, एसी चालू, टायर नवे.’ दीड-दोन लाखांत घरासाठी चारचाकी शोधणारा माणूस त्यातल्या किलोमीटरच्या आकड्याला भुलतो. घाटावर हे एक वेळ खपून जाईल, किनाऱ्यावर नाही. इथे आधी पत्रा पाहावा, मग कागद, मग इंजिन, आणि किलोमीटर सगळ्यांत शेवटी. जाहिरातीत नोंदणीचा महिना-वर्ष, कुठले पासिंग आणि गाडी गेली दोन-तीन वर्षे कोणत्या गावात उभी होती, एवढे छापायची सक्ती आपण केलीत तर गिऱ्हाइकाच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गॅरेजांत अशा गाड्या रोज रॅम्पवर चढतात, म्हणून हे लिहीत आहोत.

मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. रोज चालणारी गाडी वाऱ्याने आणि इंजिनाच्या उष्णतेने सुकते. मालवण, गुहागर, हर्णैकडे माडांच्या बागेत उभी असलेली गाडी मे महिन्यातही खालून ओलसरच असते. चाकरमान्यांच्या गावच्या घरी ठेवलेल्या, गणपती, शिमगा आणि मे महिन्यापुरत्या बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे मीटर कमी दिसते, आणि नेमक्या त्याच आधी सडतात. वायपरखालच्या जाळीत पाला साचला की पाणी उतरायची वाट बंद होते आणि ते डॅशबोर्डखालून पुढच्या पायांकडे झिरपते. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. उंदरांचे तर विचारूच नका. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आत कुरतडलेला कागद, भाताचा कोंडा, लेंड्या दिसल्या तर वायरिंगही कुरतडलेले आहे असे धरूनच किंमत बोला.

म्हणून समान किमतीत मालवणात उभी राहिलेली ३० हजार किलोमीटरची आणि कराड-साताऱ्याकडे रोज चाललेली ८० हजार किलोमीटरची अशा दोन गाड्या समोर आल्या, तर आम्ही डोळे मिटून दुसरी घेऊ. म्हणजे डोळे मिटून नव्हे, तीही खालून बघूनच.

गाडी रॅम्पवर चढवा. वॉशिंग सेंटरवाला शे-दोनशे रुपयांत चढवून देतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नका. खाली नुकतेच काळे कोटिंग मारलेले दिसले तर खूश होण्याऐवजी सावध व्हा. विक्रीसाठी घाईत मारलेले कोटिंग सायलेन्सरवर, रबरी बुशांवर, नटबोल्टांवर सगळीकडे उडालेले असते. काळजीने मारणारा माणूस हे भाग झाकून घेतो. मोठ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, आतून गेलेला भद्द वाजतो, आणि तिथे टोक दाबले की खपली सुटते. दारांखालचे पोकळ सिल, जॅक लावायच्या जागा, पुढच्या चाकाला धरणारा लोअर आर्म बसतो तो आडवा क्रॉस मेंबर, मागचा बीम आणि बॉनेट उघडल्यावर दोन कोपऱ्यांत दिसणारी शॉकअपची वरची बैठक, यांतले काहीही पोखरलेले असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, तिथूनच परत फिरा. वेल्डिंग मारता येते, पण त्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो आणि आत ब्रश पोचत नाही, त्यामुळे गंज पुन्हा तिथूनच धरतो. दाराची खालची कड, बॉनेटचा ओठ, डिकीची किनार इथला गंज मात्र भाव पाडून घ्यायला चांगला. ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर तांबूस थर असेल तर चालेल; फोड आले असतील तर पाइप बदलायचा खर्च धरा, कारण कुंभार्ली घाटाच्या उतारावर ब्रेक जोरात दाबल्यावर पाइप फुटतो तो त्या फोडाशीच.

फ्रिजला लावायचे पातळ चुंबक कागदात गुंडाळून चाकांच्या कमानींवरून आणि दारांच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी भरलेली पुट्टी आहे. (बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे ते चिकटणारच नाही.)

आता पुराच्या गाड्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे आणि महाडात सावित्रीचे पाणी शिरले, त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले. बुडालेली गाडी विमा कंपनी ‘टोटल लॉस’ ठरवून लिलावात काढते, मग ती धुऊन, सीट कव्हर घालून, सेंट मारून पुन्हा बाजारात येते. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटबेल्ट. पुढच्या दोन्ही सीटचे बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढा. रोजच्या वापरात बाहेर न येणाऱ्या त्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा बुरशीचे डाग दिसले, तर पाणी तिथपर्यंत आले होते. धुणारा माणूस सगळे धुतो, बेल्टचे रीळ सोडून. मग सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीची खोली, हेडलाइटच्या आतला गाळ बघा. अशी गाडी घेतल्यावर महिना-दोन महिने बरी चालते, नंतर ईसीएमच्या (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या) पिनांवर हिरवट थर चढतो आणि कधी फ्यूज जातो, कधी सेन्सर, कधी भर रस्त्यात बंद. ऐकीव माहितीवर न जाता विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा आणि त्या काळात क्लेम घेतला होता का ते विचारा.

इंजिन बघायला सकाळी जा आणि आधी कळवा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री करा. गार इंजिन स्टार्ट केल्यावर निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट वेगळे ठेवणारे इंजिनातले पॅकिंग) गेल्याची शंका घ्या. कूलंटच्या टाकीत तांबडे पाणी म्हणजे वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी भरले गेले आहे आणि आंबा घाटात गाडी तापणार. एसी लावून दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झालाच पाहिजे. क्लचसाठी चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगाला एकदम ॲक्सिलरेटर द्या. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लचप्लेट गेली. मुंबईच्या ट्रॅफिकमधल्या गाडीत हे हमखास सापडते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. टक-टक वाजले तर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला.

कोणती घ्यावी, हे सगळेच विचारतात. आमचे मत सरळ आहे: पेट्रोल, हाताचा गिअर, आणि तालुक्याला स्पेअर मिळणारी. अल्टो ८०० चालवायला स्वस्त, पण सुमारे ४८ अश्वशक्तीत चार माणसे, सामान आणि एसी घेऊन घाट चढताना ती दमते. जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या अल्टो के-टेनला सुमारे ६८ मिळते. वॅगन आरचे एक लिटरचे आणि आय-टेनचे १.२ इंजिनही घाटाला पुरते. अल्टो ८०० आणि सँट्रो झिंगला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) आहे, बदलल्याचे बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदला. तो चालता चालता तुटला तर गाडी जागेवर उभी. के-टेन आणि आय-टेन १.२ ला चेन आहे, ती ऑइल वेळेवर बदललेले असेल तर टिकते. वाडीत जायला जांभ्याचा खडबडीत रस्ता असेल तर अल्टोची जमिनीपासूनची १६० मि.मी. उंची भरल्या गाडीत घासते. क्विड त्याबाबत बरी, तिची १८०च्या घरात आहे. शेव्हरले, फोर्ड, डॅटसन स्वस्त पडतात, कारण या कंपन्यांनी अनुक्रमे २०१७, २०२१ आणि २०२२ मध्ये इथली विक्री थांबवली; कणकवलीत सुट्या भागासाठी आठवडा थांबायची तयारी असेल तरच घ्या. महिन्याला तीन-चारशे किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेलच्या नादी लागू नये. बजेट थोडे ताणता आले तर जुलै २०१९ नंतरची गाडी बघा: तोवर प्रत्येक नव्या कारला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली होती, आणि ओल्या घाटात एबीएसची किंमत कळते.

टायरवरचा चार अंकी आकडा वाचा. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर, नक्षी असली तरी, कडक झालेला असतो. गाडीच्या किमतीपलीकडे २५-३० हजार बाजूला ठेवाच; ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक, बॅटरी यांत ते जातात.

कागदांत एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक, बोजा (गाडीवरचे कर्ज), विमा आणि नोंदणीची मुदत बघा; ई-चलन वेगळे तपासा. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का ते बघा. पंधरा वर्षे भरत आलेली गाडी स्वस्त का मिळते तेही समजून घ्या: नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून कारला पाच हजार आहे, वर पर्यावरण कर, आणि सडलेल्या पत्र्यानिशी ती तपासणीत अडकते. सावंतवाडी-दोडामार्गकडे गोव्याच्या गाड्या येतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या, भाड्याने स्वतः चालवायला दिलेल्या गाड्या पांढरी पाटी लावून विकल्या जातात, म्हणून आरसीचा (नोंदणीपत्राचा) जुना इतिहास मागा. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओचे ना हरकत पत्र (एनओसी) लागते आणि आपल्याकडचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो किमतीत मिळवूनच हिशेब करा.

‘नंतर नावावर करू’ याला विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही नकार द्यावा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याने विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागतो. ती रक्कम सौदा ठरतानाच विचारून घ्या.

आपले,
किनारपट्टीवरचे काही गॅरेजवाले,
जि. रत्नागिरी