भैरवीआधी उठवलंत : 5 जुलै 2015 च्या शिकागो मैफलीबाबत तक्रार

दिनांक : 3 ऑगस्ट 2015

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
आपल्या सहल कंपनीचं पुणे कार्यालय

विषय : ज्यादा पैसे भरून घेतलेल्या मैफलीतून कार्यक्रम संपण्याआधी बाहेर काढल्याबाबत

महोदय,

आपल्या अमेरिका सहलीत आम्ही दोघं नवरा-बायको होतो. शिकागोमध्ये 5 जुलैला सोल्जर फील्ड मैदानावर ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी रॉक बँडच्या हयात वादकांची शेवटची मैफल होती. तिच्यासाठी आपण ऐच्छिक तिकीट देऊ केलंत. सहलीच्या रकमेवर माणशी 38 हजार रुपये जास्त भरून आम्ही ते घेतलं. 31 जणांच्या गटातले आम्ही 11 जण गेलो, बाकीचे हॉटेलवर थांबले. आपल्या पत्रकात ‘पूर्ण कार्यक्रम’ असे शब्द आहेत, प्रत सोबत जोडली आहे. तो पूर्ण कार्यक्रम आम्हाला मिळाला नाही.

जागा अगदी वरच्या मजल्यावरच्या निघाल्या, त्याबद्दल मी भांडत नाही. पडद्यावर दिसत होतं, आवाज स्वच्छ होता. तक्रार शेवटाची आहे.

25 जुलैला मी आपल्या कार्यालयात फोन केला. तिकडून उत्तर आलं, “काका, शेवटची दोनतीन गाणीच चुकली ना? नेटवर मिळतील ती.” बोलणारी मुलगी उद्धट नव्हती. पण नेमकं काय चुकलं हे तिला कुणी सांगितलेलं नसावं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी चाळीस वर्षं तबला वाजवतो आहे. या बँडशी माझी ओळख तबल्यामुळेच झाली. त्यांचे एक ड्रमर मिकी हार्ट 1967 पासून उस्ताद अल्लारखाँ यांच्या तालविद्येने भारावले, त्यांच्याकडे शिकले. पुढे 1976 मध्ये झाकीर हुसेन यांच्यासोबत त्यांनी ‘दिगा रिदम बँड’ची तबकडी काढली, आणि 1991 च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला ग्रॅमी मिळालं. मुंबईच्या माणसाचा ठेका तिकडे कुठवर पोचला, हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावं ही माझी फार जुनी इच्छा होती.

या बँडचे मुख्य गायक आणि गिटारवादक जेरी गार्सिया 9 ऑगस्ट 1995 ला गेले. त्याच्या बरोबर एक महिना आधी, 9 जुलैला, त्यांची शेवटची मैफल याच मैदानावर झाली होती. त्यानंतर बँडने ते नाव वापरणं थांबवलं. वीस वर्षांनी, पन्नाशीच्या निमित्ताने फिल लेश, बॉब वेअर, बिल क्रॉइत्झमन आणि हार्ट हे चौघं एकत्र आले. गार्सियांच्या जागी गिटारवर ट्रे अनास्तासिओ होते. आधी कॅलिफोर्नियात सांता क्लाराला दोन रात्री झाल्या, मग शिकागोत 3, 4 आणि 5 जुलै. चौघं एकत्र वाजवण्याची ही शेवटची वेळ, असं आयोजकांनी आधीच जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, असं म्हणायची सोय नव्हती.

मैदानाबाहेर एक बोट वर करून कितीतरी जण उभे होते. हिला वाटलं, काही घोषणा चालू आहे. मग कळलं, ते तिकीट मागत होते. कुणीतरी एक तिकीट असंच देऊन टाकेल या आशेने बोट वर धरायचं, ही या लोकांची जुनी रीत. यातल्या पुष्कळांनी जानेवारीत पोस्टाने मनीऑर्डर पाठवली होती. लिफाफ्यांवर हाताने चित्रं काढली होती, आणि तरी तिकीट हाती आलं नव्हतं. एका तरुण पोराच्या हातातला परत आलेला लिफाफा मी पाहिला. गुलाबाची फुलं घातलेली कवटी त्याने इतक्या मन लावून रंगवली होती की माझ्याने त्याच्याकडे नीट बघवेना.

आत आमच्या शेजारी एक साठीचं जोडपं होतं. बाई 1995 च्या त्या शेवटच्या मैफलीला इथेच होत्या. नवऱ्याला मात्र हे सगळं पटलेलं नव्हतं. गार्सिया नाहीत तर बँड कसला, सांता क्लाराला चाल संथ होती, अनास्तासिओ बिचकून वाजवतात, अशी त्यांची कुरकुर पहिल्या भागभर चालली. बाई दर वेळी नुसतं हसून त्यांचा हात दाबायच्या. दुसऱ्या भागात गाणी थांबली, क्रॉइत्झमन आणि हार्ट दोघंच राहिले आणि नुसतं तालवाद्य सुरू झालं. हार्ट यांच्याकडे तारा ताणलेली एक लांब तुळई आहे. तिच्यावर आघात झाला की खर्जाचा असा काही नाद उठतो की तो कानांच्या आधी छातीला कळतो. आमच्यात डग्ग्याची घीस मनगट दाबून काढतात, तिची आठवण झाली. शेजारच्या गृहस्थांकडे बघितलं तर ते चष्मा काढून डोळे पुसत होते. नंतर त्यांनी कुरकुर केली नाही. माझा खांदा धरून ते उभेच राहिले, आणि सत्तर हजारांहून जास्त माणसं आमच्या भोवती डोलत होती.

तालवाद्यांनंतर गाणी पुन्हा सुरू झाली, आणि तेवढ्यात आपल्या टूर मॅनेजरचा निरोप आला, लगेच बसपाशी या. मी म्हणालो, संपल्यावर टॅक्सीने येतो. त्यावर तो म्हणाला, मग गट सोडत असल्याचं लिहून द्या, पहाटे निघायचं आहे, पुढची जबाबदारी कंपनीची नाही. हिचा गुडघा दुखत होता, परका देश. आम्ही निघालो. त्या मुलाचा आवाज कापत होता, त्याला वाईट वाटतच होतं. त्याच्यावर कारवाई करू नये, ही माझी विनंती आहे.

बसपाशी दोघं जण यायचे बाकी होते, म्हणून आम्ही ताटकळत उभे होतो. आतून टाळ्या ऐकू येऊ लागल्या. ‘नॉट फेड अवे’ या गाण्याचा तो ठेका. सोळा मात्रांत पाच टाळ्या : पहिली, चौथी, सातवी, अकरावी, तेरावी. मग वाद्यं थांबली, पण टाळ्या थांबल्या नाहीत. माणसं तीच ओळ गात राहिली, प्रेम विरणार नाही अशा अर्थाची, आणि ठेका तसूभरही ढळला नाही. इतक्या हजार माणसांची लय एक राहते, हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि ते मी भिंतीबाहेरून, बसच्या इंजिनाच्या घरघरीत ऐकलं. आपण मैफल विकलीत त्यातला हा भाग वादकांचा नव्हता, ऐकणाऱ्यांचा होता. त्या ऐकणाऱ्यांत दोन जागा आमच्या होत्या.

शेजारच्या बाईंनी नंतर मेल लिहिला. वादक परत आले, आणखी दोन गाणी झाली. शेवटच्या गाण्याला पडद्यावर बँडच्या माणसांचे जुने फोटो होते, हयात असलेल्यांचे आणि गेलेल्यांचेही. त्यानंतर हार्ट माइकपाशी आले आणि म्हणाले, इथे जे वाटलं ते घरी घेऊन जा, त्यातून काही चांगलं करा, आणि माणसांशी प्रेमाने वागा. बाईंनी लिहिलं, त्यांचा नवरा आमच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाला, “ते कुठे गेले?”

पुण्यात राहून आपल्याला भैरवी समजावून सांगायला नको. सवाई गंधर्व महोत्सवाच्या शेवटच्या सत्रात भैरवी होण्याआधी रसिकांना मांडवाबाहेर काढलं तर काय होईल, हे आपणही जाणता. आमच्या 11 खुर्च्या शेवटी रिकाम्या राहिल्या, आणि बाहेर तो लिफाफा घेऊन उभा असलेला पोरगा होता. हे मला अजून खुपतं.

आता कारण. टूर मॅनेजर म्हणाला, ड्रायव्हरचे तास संपत आले होते. ते खरं आहे. तिथल्या कायद्याने प्रवासी बसचा चालक एकूण पंधरा तास कामावर राहिल्यानंतर गाडी चालवू शकत नाही. नियम चांगला आहे. पण तोच चालक सकाळी साडेआठला बार्टलेटच्या स्वामिनारायण मंदिराला आणि मग डेव्हन अॅव्हेन्यूला जेवायला आम्हाला घेऊन निघाला होता. मधे त्याला सुटी दिली नाही, तर साडेआठमध्ये पंधरा मिळवले की रात्रीचे साडेअकरा होतात, आणि हॉटेल लांब, ओ’हेअर विमानतळाजवळ. मैफल पूर्ण दाखवायची होती तर दुसरा चालक ठेवायचा, किंवा रात्री 11 जणांसाठी वेगळी गाडी करायची. हा हिशेब पुण्यात बसून, तिकिटं विकण्याआधी करता आला असता. तो केला नाही, हीच सेवेतली त्रुटी आहे असं माझं म्हणणं आहे.

माझ्या मागण्या अशा : आम्हा दोघांचे मैफलीचे 76 हजार रुपये परत मिळावेत. उरलेल्या नऊ जणांनाही आपण होऊन विचारावं, त्यांतले तिघं सत्तरीपुढचे आहेत, ते पत्र लिहिणार नाहीत. आणि यापुढे कोणतीही मैफल किंवा नाटक सहलीत विकताना परतीच्या गाडीची आणि चालकाच्या तासांची सोय आधी करून ती पत्रकात छापावी. सहलीचा बाकी भाग नीट पार पडला. जेवण, हॉटेलं, नायगारा, कशाबद्दलही माझी तक्रार नाही.

तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक मंचाकडे जाईन. सोबत पत्रक, पावती, दोन्ही तिकिटं आणि टूर मॅनेजरचा मोबाईलवरचा निरोप यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ तिकिटं मागू नयेत, ती मी देणार नाही.

आपला,
सही/-
(बुकिंग आपल्या नोंदीत आम्हा दोघांच्या नावे आहे)