काढलेली गाठ लॅबला पाठवली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे गाठ म्हटलं की दोनच प्रकार, एकतर कॅन्सर नाहीतर 'चरबीची असेल, राहू दे'. माझ्या मेहुण्याची निफाडकडे द्राक्षबाग आहे, त्याच्या उजव्या हाताच्या बोटात वाटाण्याएवढी टणक गाठ होती, दुखत नव्हती म्हणून गोडी छाटणी झाली की बघू, मग डिपिंग झालं की बघू, मग माल गेला की बघू असं चाललेलं, त्यात कोणी बिब्बा लावायला सांगतंय कोणी चोळायला. शेवटी कात्री धरता येईना तेव्हा डॉक्टरकडे गेला.

एका दवाखान्यात गाठ काढली, बाटलीत घालून दाखवली आणि टाकून दिली. साधी आहे म्हणाले. ती तिथेच परत आली. मग दुसरीकडे एक्सरे काढला तर गाठीत चुन्यासारखे ठिपके (हे सगळ्यांच्यात दिसत नाहीत म्हणे), एमआरआय, पुन्हा ऑपरेशन, आणि यावेळी गाठ पॅथॉलॉजीला गेली. रिपोर्ट आला सॉफ्ट टिश्यू कॉन्ड्रोमा, म्हणजे हाडात नाही तर आजूबाजूच्या मऊ भागात झालेली कूर्चेची (कानात-नाकात असतं तसल्या मऊ हाडाची) गाठ. कॅन्सर नाही. हातापायाच्या बोटांतच जास्त होते, बहुतेक 30 ते 60 वयात, आणि सहसा 3 सेंमीच्या आतच असते.

केमो, रेडिएशन काही लागत नाही, गाठ पूर्ण काढायची एवढंच, पण बोटात नस, रक्तवाहिनी, टेंडन (बोट हलवणारा स्नायूचा दोर) सगळं एवढ्याशा जागेत, त्यामुळे हाताचं काम येणारा सर्जनच बघावा. नीट काढूनसुद्धा साधारण 10 ते 20 टक्के लोकांना परत होते. आणि खरी भीती उलटीच आहे, मायक्रोस्कोपखाली या गाठीच्या पेशी कधीकधी अशा विचित्र दिसतात की कॉन्ड्रोसारकोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर वाटावा, आणि मग बिचाऱ्याचं बोट उगाच जायचं! म्हणून पॅथॉलॉजिस्टला नुसती गाठ पाठवून भागत नाही, एक्सरे पण सोबत द्यायला हवा.

आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) नाशिक शाखेला विनंती, काढलेली गाठ कितीही साधी वाटो, ती कुठल्या लॅबला पाठवली हे डिस्चार्ज कार्डावर लिहायची सवय सगळ्या दवाखान्यांना लावा. आणि पेशंटनी रिपोर्टसोबत स्लाइड (तपासलेली काचपट्टी) आणि ब्लॉकपण (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्यावेत, गाठ परत आली तर पुढच्या डॉक्टरला तेच लागतात.

एक वाचक, पंचवटी, नाशिक