टोमॅटोतील सूत्रकृमी : एकटा जैविक उपाय अपुरा

आपल्या कृषी पुरवणीतील टोमॅटोच्या सूत्रकृमींविषयीचा (मातीत राहून मुळांवर जगणाऱ्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींविषयीचा) लेख वाचला. मात्र रसायने पूर्णपणे वगळून केवळ जैविक उपायांवर भिस्त ठेवावी, हा त्यातील सल्ला मला पटला नाही. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची मादी चिकट आवरणाच्या पुंजक्यात शेकडो अंडी घालते आणि उष्ण हवामानात साधारण महिनाभरात नवी पिढी तयार होते. लागवडीच्या वेळी दिलेले सूत्रकृमीनाशक मातीतील पिल्लांना रोखून कोवळी मुळे वाचवते, परंतु आवरणातील अंड्यांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी नेमकी अंड्यांवरच वाढते, पण तिला मातीत स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून आधी शिफारशीइतकेच रसायन आणि काही दिवसांच्या अंतराने चांगल्या कुजलेल्या शेणखतातून बुरशी, हा क्रम मला योग्य वाटतो. दोन्ही एकत्र कालवू नयेत, कारण काही रसायने बुरशीलाच मारक ठरतात. बडोद्याजवळच्या पादऱ्याकडील हलक्या गोराडू (वाळूमिश्रित पोयट्याच्या) जमिनीत टोमॅटोनंतर वांगी किंवा भेंडी घेतली की सूत्रकृमींना पुन्हा आयतेच खाद्य मिळते. तेथील शेतकऱ्याला नुसता धीर धरायला सांगणे अन्यायाचे आहे.

— एक वाचक, बडोदे