हिरवळीची निगा: मित्रास पत्र

पुणे,
१२ मे

प्रिय शशांक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. बंगल्यापुढचे लॉन ठिकठिकाणी पिवळे पडले आहे, माळी रोज संध्याकाळी पाणी मारतो तरी फरक पडत नाही, आणि आता सगळे उपटून नवे गवत लावावे असे तुम्हा दोघांचे जवळजवळ ठरले आहे, असे तू लिहिलेस. कृपा करून तसे करू नकोस. तुझ्या अंगणातले गवत हे शेतकरी ज्या हरळीला कंटाळतो तिच्याच जातीचे आहे, ते सहजासहजी मरत नाही. बिघडले आहे ते त्याच्या मुळांचे.

रोजच्या हलक्या पाण्याने मातीचा वरचा इंचभर थरच भिजतो, त्यामुळे मुळेही तिथेच घुटमळतात, आणि नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात तो थर दुपारपर्यंत कोरडा झाला की गवताला खालून काहीच मिळत नाही. म्हणून माळ्याला सांग, की रोज पाणी न देता दोन-तीन दिवसांआड द्यावे, पण असे द्यावे की सहा इंचांपर्यंत ओल उतरेल. पाणी दिल्यावर तासाभराने लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत खुपसून पाहा. जिथवर तो सहज जातो तिथवर ओल पोचली असे समज. वेळ मात्र पहाटेची ठेव, कारण संध्याकाळी भिजलेली पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयते निमंत्रण मिळते. पाण्याची गरज गवत स्वतःच सांगते: त्याच्यावरून चालल्यावर पावलांचे ठसे लवकर पुसले गेले नाहीत आणि रंगात निळसर राखाडी छटा दिसू लागली, की पाणी द्यायची वेळ झाली.

दुसरी गोष्ट कापणीची. फोटोत पात्यांची टोके पांढुरकी आणि चिरफाळलेली दिसतात, याचा अर्थ यंत्राचे पाते बोथट आहे आणि ते गवत कापत नसून ओरबाडत आहे. पाते धार लावून घे. गवत साधारण तीन सेंटिमीटरवर राखायचे असेल तर ते साडेचार सेंटिमीटर होताच काप, म्हणजे एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग जाणार नाही. फार खाली कापलेल्या गवताला अन्न तयार करायला पानेच उरत नाहीत. बारीक कात्रण तिथेच पडू दे. ते कुजून त्यातले नत्र मातीला परत मिळते.

खताबाबत तू विचारलेस. हजार चौरस फुटांना एका वेळी किलोभर युरियापेक्षा अधिक नको, तोही पाती कोरडी असताना फेकून लगेच पाणी द्यायचे. पण कोवळ्या पात्यांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर तिथे युरियाचा उपयोग नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार, घालून संध्याकाळी फवार, मात्र फरशीवर उडू देऊ नकोस, तांबडे डाग पडतात.

आंब्याखालच्या जागेवर गवत येत नाही म्हणून वहिनींना वाईट वाटते, हे वाचले. या गवताला किमान सहा तास थेट ऊन लागते, तेव्हा तिथे हट्ट न धरता सावलीत तगणारी झाडे लावलेली उत्तम.

लव्हाळा या तणाचे मात्र मनावर घे. तो ओळखणे सोपे: त्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा जाणवतात. वरून उपटला तर जमिनीतल्या गाठी तशाच राहून पुन्हा फुटतात, म्हणून ओल असताना खुरप्याने खोलवर जाऊन गाठींसकट काढ. कच्चे शेणखत तणांचे बी घेऊन येते, त्याऐवजी गांडूळखत वापर.

मृगाच्या सरी येण्याआधी एक काम उरकून घे. ज्या कोपऱ्यात मागच्या वर्षी पाणी साचले होते, तिथे पाण्याला घरापासून दूर उतार दे, आणि पायवाटेजवळची तुडवून घट्ट झालेली माती दातेरी फावड्याने भोके पाडून मोकळी करून त्यांत वाळू व गांडूळखत भर. पहिला वळीव पडला की कडुनिंबावर संध्याकाळी भुंगेरे जमतात. त्यांच्याच अळ्या, म्हणजे हुमणी, पावसाळ्यात मुळे खातात आणि मग गवत सतरंजीसारखे हातात उचलून येते. प्रकाश सापळा लावून भुंगेरेच आवरले तर पुढचा त्रास बराच कमी होईल.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आहे, तेव्हा दोघे मिळून उताराचे काम पाहू. माती परीक्षणासाठी तीन-चार ठिकाणची थोडी थोडी माती एकत्र करून सावलीत वाळवून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक